पुसले तरी न हरवणारी वही

कुंभकोणम येथे सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर एक लहानसे कौलारू घर आहे. दर्शनी बाजूला ओटा आणि आत अरुंद खोल्या. तामीळनाडूतील ‘शास्त्र’ विद्यापीठाने २००३ साली हे घर घेऊन स्मारक म्हणून जपले आहे. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे हे घर. त्यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोडला आजोळी झाला. पण बालपण, शाळा आणि कॉलेजचे सुरुवातीचे दिवस गेले ते कुंभकोणमलाच. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. घरात खाणारी तोंडे अधिक आणि मिळकत कमी.

अशा घरात कागद ही चैनीची वस्तू होती. म्हणून रामानुजन पाटीवर गणिते करीत. ओट्यावर बसून पाटी भरायची, कोपराने पुसायची आणि पुन्हा भरायची. फडके शोधण्यात वेळ जाई, म्हणून कोपर. शेवटी जे उत्तर हाती लागे, तेवढेच वहीत उतरवले जाई. उत्तरापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र पाटीबरोबर पुसली जाई.

या पुसण्याची किंमत पुढे जगाला मोजावी लागली. १६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी मद्रासहून केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र पाठवले. पत्रात सिद्धांतांची रांग होती, पण सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. त्यांच्या तीन वह्यांचेही तसेच. त्यांत तीन हजारांहून अधिक सूत्रे आहेत. मात्र ती कशी सुचली, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली या वह्या जशाच्या तशा छापल्या. नंतर अमेरिकेतील गणिती ब्रूस बर्न्ट यांनी एकेक सूत्र घेऊन त्याची सिद्धता मांडली वा शोधली. त्यांचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात निघाले. एका माणसाने कोपराने जे पुसले, ते दुसऱ्यांना पुन्हा उभे करायला आयुष्यातली कित्येक वर्षे द्यावी लागली.

एक गोष्ट मात्र सुदैवाने वाचली. रामानुजन यांची दुसरी वही ही पहिल्या वहीचीच सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे. पहिलीत १६ प्रकरणे, दुसरीत २१. दुसरी तयार झाल्यावर पहिली फेकून दिली असती, तर आज कोणाला काही वावगे वाटले नसते. पण ती राहिली. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून अभ्यासकांना पाहता येते, की काय वाढले, काय बदलले आणि काय गळले.

जुनी प्रत जपणे, दोन प्रती शेजारी ठेवणे आणि बदल नेमका कुठे झाला ते पाहणे, ही तीन कामे आज संगणकाकडून करून घेता येतात. तीसुद्धा एका माणसाच्या वहीसाठी नव्हे, तर शेकडो माणसांनी मिळून लिहिलेल्या वहीसाठी.

संगणक हीसुद्धा पाटीच

संगणकावर लिहिलेले जपले जाते, असा सर्वसाधारण समज आहे. खरे तर साधा संगणक ही पाटीच आहे. काल लिहिलेला मजकूर आज उघडला, चार ओळी बदलल्या आणि ‘सेव्ह’ केले, की कालचा मजकूर गेला. कोपर तेवढे दिसत नाही.

म्हणून घरोघरी एक युक्ती चालते. लग्नाच्या पाहुण्यांच्या यादीची ‘यादी’, ‘नवी यादी’, ‘अंतिम यादी’ आणि ‘खरी अंतिम यादी’ अशा चार प्रती होतात. त्यातल्या दोन वडिलांच्या संगणकावर असतात, एक मुलाच्या मोबाइलमध्ये आणि एक मामांना पाठवलेली. पत्रिका छापायला टाकायच्या दिवशी लक्षात येते, की ‘अंतिम’मध्ये असलेले नागपूरचे पाहुणे ‘खऱ्या अंतिम’मध्ये नाहीत. त्यांना कोणी काढले, कधी आणि मुद्दाम की चुकून, हे कोणालाच सांगता येत नाही. मग रुसवेफुगवे ठरलेले!

एकाच माणसाचे लेखन असेल तर हे निभावते. पण जिथे कोणीही येऊन लिहू शकतो, बदलू शकतो, तिथे काय?

कोणीही लिहावे अशी वही

अशी वही म्हणजे विकी. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिली विकी सुरू केली. ‘विकी’ हा हवाई बेटांवरच्या भाषेतला शब्द, अर्थ ‘झटपट’. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावत असे, तिच्यावरून हे नाव सुचले. वाचता वाचता चूक दिसली, की तिथेच ‘संपादन’ची कळ दाबायची आणि चूक सुधारायची, एवढी ती साधी कल्पना. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश याच कल्पनेवर उभा राहिला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला.

कोणीही लिहावे म्हटल्यावर पहिली शंका येते ती भरवशाची. उद्या एखाद्याने येऊन सगळेच पुसले तर? खोटे लिहिले तर? याला विकीचे उत्तर असे, की बदलायला मनाई करू नका. प्रत्येक बदलाची नोंद ठेवा. चोर येऊ नये म्हणून घराला दारच ठेवायचे नाही, हा एक मार्ग. दार उघडे ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवायची, हा दुसरा. विकीने दुसरा मार्ग पत्करला.

पण ही नोंद सुरुवातीला आजच्याइतकी पक्की नव्हती. विकिपीडिया ज्या पहिल्या सॉफ्टवेअरवर चालत असे, त्यात जुन्या प्रती काही काळाने आपोआप काढून टाकल्या जात. तेव्हा साठवणुकीची जागा महाग होती. कुंभकोणमच्या घरात कागद होता तशीच. त्यामुळे जगातल्या सर्वांत मोठ्या ज्ञानकोशाच्या पहिल्या काही महिन्यांचा इतिहास गेला तो गेलाच, असे मानले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या तंत्रज्ञाला जुन्या फायलींमध्ये २००१च्या जानेवारी ते ऑगस्टपर्यंतची नोंद असलेली एक प्रत अचानक सापडली, आणि तो इतिहास परत मिळाला.

रामानुजन यांच्या बाबतीतही असेच घडले होते. त्यांनी अखेरच्या वर्षात लिहिलेली पाने केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात, वॉटसन या दिवंगत प्राध्यापकांच्या कागदपत्रांत पडून होती. १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज यांच्या ती नजरेस पडली. ‘हरवलेली वही’ म्हणून ती आज प्रसिद्ध आहे. दोन्ही ठिकाणी जे वाचले ते योगायोगाने. पण दर वेळी असा योगायोग कुठून आणायचा?

पैठणपासून पुण्यापर्यंत

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. मजकूर एका हातातून दुसऱ्या हातात गेला, की तो बदलतो. माणसे यावर फार पूर्वीपासून उपाय शोधत आली आहेत.

एक उपाय दगडाचा. कुंभकोणमपासून सुमारे ४० किलोमीटरवर तंजावूरचे बृहदीश्वर मंदिर आहे. सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, त्याच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. दगड कोणी गुपचूप बदलू शकत नाही. पण चूक झाली तर ती सुधारताही येत नाही.

दुसरा उपाय संत एकनाथांचा. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते. नाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे कोणी यात आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाचा इशाराही शेवटी दिला. नाथांचे हे ऋण मराठी माणूस कधीच विसरणार नाही. तरी आजच्या अभ्यासकाला एक हुरहुर राहते. नाथांसमोर कोणकोणते पाठ होते, त्यांतला कोणता त्यांनी सोडला आणि का, हे त्या शुद्ध प्रतीवरून कळत नाही.

तिसरा उपाय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचा. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे १९१९ साली हाती घेतली गेली आणि १९६६ साली पूर्ण झाली. डॉ. वि. सी. सुकथनकर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यात आयुष्य वेचले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. पानावर वरच्या बाजूला स्वीकारलेला पाठ आणि खाली तळटिपांत नाकारलेले पाठ, कोणत्या प्रतीत काय आहे त्यासकट. म्हणजे निवड केली, पण निवडीमागचे पुरावे वाचकापासून दडवले नाहीत. उद्या एखाद्याला वरचा पाठ पटला नाही, तर खालचा त्याच्यासाठी तिथेच आहे.

या तळटिपा लिहायला जवळजवळ अर्धे शतक लागले, कारण बदल होऊन गेल्यावर शेकडो वर्षांनी त्यांचा माग काढावा लागला. तोच बदल होत असतानाच टिपून ठेवला तर? संगणकाच्या जगात ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात ते हेच.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची रोजकीर्द

व्हर्जन कंट्रोल म्हणजे आवृत्त्यांची रोजकीर्द. ही गरज पहिल्यांदा भासली ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना. दहा माणसे मिळून प्रोग्रॅम लिहितात. एकाने ओळ बदलली आणि सगळेच बंद पडले, तर कालच्या स्थितीला परतायचे कसे? मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली बेल प्रयोगशाळेत याची पहिली व्यवस्था तयार केली. १९८२ साली वॉल्टर टिची यांनी ‘आरसीएस’ ही व्यवस्था मांडली. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहिले, आणि आज जगभर सर्वाधिक चालते ते तेच.

विकी ही सर्वांची वही आणि व्हर्जन कंट्रोल ही बदलांची रोजकीर्द. या दोघांची सोयरीक जुळणे साहजिकच होते. १९९८ साली निघालेल्या ‘ट्विकी’ने आपली पाने आरसीएसच्या हवाली केली. २००६ साली जोई हेस यांनी ‘इकिविकी’ लिहिली. ‘गिटिट’ ही विकी जॉन मॅकफार्लेन यांनी लिहिली. ते पेशाने तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. रिचर्ड हिप यांच्या ‘फॉसिल’मध्ये प्रोग्रॅम, त्यातल्या चुकांची यादी आणि विकी, तिन्ही एकाच ठिकाणी नांदतात. ‘गिटहब’ या प्रसिद्ध संकेतस्थळावरच्या विकीही आतून गिटच्याच वह्या आहेत.

यांतल्या बहुतेकांत एक गोष्ट समान आहे. विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाने आणि त्यांचा इतिहास एका मोठ्या डेटाबेसमध्ये असतो. इथे मात्र प्रत्येक पान ही एक साधी मजकुराची फाइल असते. कुठल्याही संगणकावर, कुठल्याही संपादकात ती उघडते, आणि मराठी मजकूरही त्यात बिनतक्रार राहतो. ते सॉफ्टवेअर उद्या बंद पडले, तरी मजकूर वाचता येतो.

सांबार कोणाचे?

या विकीचे गुण उदाहरणाशिवाय ध्यानात येणार नाहीत. समजा, कुंभकोणममध्ये एक तंजावरी मराठी कुटुंब आहे. व्यंकोजी राजांच्या काळापासून त्या मुलखात गेलेली अशी घराणी आजही तिथे आहेत. घरात ती आपली दक्षिणी मराठी बोलतात. या कुटुंबातली आत्या कुंभकोणमला, भाचा पुण्याला आणि पुतणी न्यू जर्सीला. तिघांनी मिळून घराण्याचा कुलवृत्तांत, घरातले शब्द आणि स्वयंपाकाच्या कृती एका विकीत लिहायला घेतल्या.

आत्यांनी लिहिले, “सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडले. तंजावूरच्या शहाजी राजांच्या मुदपाकखान्यात आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घातली, आणि पाहुण्या आलेल्या संभाजी महाराजांचे नाव तिला दिले.” ही गोष्ट तंजावूरकडे घरोघरी सांगितली जाते. भाच्याने ते वाक्य काढून टाकले. आत्या दुखावल्या. ‘खऱ्या अंतिम यादी’सारखी पद्धत असती, तर इथेच अबोला सुरू झाला असता.

पण या विकीत पानाचा इतिहास उघडता येतो. तिथे दिसते, की अमुक तारखेला, अमुक वाजता, भाच्याने हे वाक्य काढले. जुने आणि नवे पान शेजारी ठेवून गेलेली ओळ तांबड्या रंगात आणि आलेली हिरव्या रंगात दाखवली जाते. रामानुजन यांच्या दोन वह्या शेजारी ठेवण्यासारखेच हे, फक्त एका क्षणात होणारे. शिवाय प्रत्येक बदलासोबत कारण लिहायची जागा असते. भाच्याने तिथे लिहिले आहे, “ऐकीव गोष्ट. लेखी पुरावा मिळाला नाही.”

आत्यांनी इतिहासातून ते वाक्य परत आणले, पण आरंभी तीन शब्द जोडून, “अशी आख्यायिका आहे.” भाच्याचे म्हणणे राहिले आणि आत्यांची गोष्टही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की वाक्य परत आणणे म्हणजे भाच्याचा बदल खोडणे नव्हे. परत आणणे ही रोजकीर्दीतली एक नवी नोंद. वाक्य लिहिले, काढले, परत आणले, तिन्ही नोंदी आपापल्या जागी राहतात. वीस वर्षांनी घरातली एखादी नात हा इतिहास वाचेल, तेव्हा तिला सांबाराची गोष्ट तर कळेलच, पण आपल्या घरातल्या माणसांनी ती कशी पारखली, हेही कळेल.

अनेक पाने, एक बदल

पुतणीच्या लक्षात आले, की बारा पानांवर गावाचे नाव कुठे ‘तंजोर’, कुठे ‘तंजावर’ असे पडले आहे. तिने सर्व पानांवर ते एकसारखे केले. साध्या विकीत या बारा वेगवेगळ्या नोंदी होतील. व्हर्जन कंट्रोलवर उभ्या विकीत ती एकच नोंद होऊ शकते, “गावाचे नाव सर्वत्र एकसारखे केले.” उद्या तो निर्णय फिरवायचा ठरला, तर बारा पाने शोधत बसायला नको.

आणखी एक सोय म्हणजे पानावरच्या प्रत्येक ओळीसमोर, ती शेवटची कोणी आणि केव्हा लिहिली, ते दाखवता येते. एखाद्या पणजोबांच्या जन्मसालाविषयी शंका आली, तर विचारायचे कोणाला, हे लगेच समजते.

वीज गेली तरी

गिटसारख्या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण मात्र वेगळाच आहे. या वहीची मूळ प्रत आणि नक्कल असा भेद तंत्राच्या दृष्टीने उरत नाही. आत्यांच्या संगणकावर संपूर्ण वही असते, पहिल्या नोंदीपासूनच्या सगळ्या इतिहासासह. भाच्याकडे तशीच, पुतणीकडेही तशीच. इंटरनेट बंद असले तरी आत्या लिहू शकतात, जुनी पाने चाळू शकतात. संपर्क सुरू झाला, की नव्या नोंदींची देवाणघेवाण होते.

हे महत्त्वाचे का? २००९ साली याहूने ‘जिओसिटीज’ ही आपली सेवा बंद केली, तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेली लाखो पाने एका निर्णयासरशी अडचणीत आली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढी वाचवली. जिथे वही एकाच मालकाच्या कपाटात असते, तिथे त्या कपाटाला कुलूप लागले की संपले. जिथे प्रत्येक लिहिणाऱ्याकडे पूर्ण वही असते, तिथे एक घर बंद झाले तरी दुसरे उघडे असते. ‘हरवलेली वही’ सापडण्यासाठी मग योगायोगाची वाट पाहावी लागत नाही.

दोन प्रवाह एकत्र येताना

पण प्रत्येक जण आपापल्या प्रतीत लिहू लागला, तर सगळ्या प्रती फाटणार नाहीत का? फाटतात, आणि म्हणूनच त्या पुन्हा जोडण्याची सोय या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी आहे. या जोडण्याला ‘मर्ज’ म्हणतात.

कुंभकोणममध्ये महामहम नावाचे मोठे तीर्थकुंड आहे. दर बारा वर्षांनी तिथे स्नानाचा मेळा भरतो; मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली येईल. गंगा, यमुना, नर्मदा, गोदावरी, कावेरी अशा नऊ नद्या त्या पर्वात या कुंडात एकत्र येतात, अशी श्रद्धा आहे. कुंडाच्या आत अनेक विहिरी आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचे नाव आहे. पाणी एक, पण प्रत्येक विहीर आपल्या नावाने ओळखली जाते. मर्जमध्येही असेच घडते. पान एक होते, पण कोणती ओळ कोणाकडून आली, ही ओळख पुसली जात नाही.

समजा, इंटरनेट बंद असताना आत्यांनी ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पानावर लिहिले, की दूध निर्भेळ आहे की नाही ते मोजण्याच्या ‘डिग्री’वरून हे नाव आले. त्याच दिवशी पुण्यात भाच्याने लिहिले, की पहिल्या दाट डिकॉक्शनला ‘डिग्री’ म्हणत, त्यावरून ते आले. दोघांनी पानाचे वेगवेगळे भाग बदलले असते, तर यंत्राने ते मुकाट्याने जोडले असते. पण दोघांचा हात एकाच वाक्यावर पडला. अशा वेळी यंत्र थांबते. दोन्ही वाक्ये समोर ठेवते आणि माणसाला विचारते, की यातले कोणते ठेवू? ते स्वतः निवाडा करत नाही. कारण खरे काय, हे त्याला कळत नाही. कळते ते इतकेच, की इथे दोन माणसांचे म्हणणे वेगळे आहे. अशा वेळी एकमेकांना फोन करून, दोन्ही मते लिहून टाकणे सर्वांत उत्तम.

सावध राहावे असे काही

हे सारे वाचून लगेच अशी विकी उघडावीशी वाटेल. त्याआधी चार गोष्टी जाणून घ्याव्यात.

पहिली म्हणजे, जे हरवत नाही ते लपवताही येत नाही. घाईत कोणी विकीवर आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक किंवा एखाद्याच्या आजाराची माहिती लिहिली आणि दुसऱ्या दिवशी पुसली, तरी इतिहासात ती राहते. तिथून काढायची तर सगळी रोजकीर्दच नव्याने लिहावी लागते, आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांच्याकडे ती उरतेच. म्हणून खासगी गोष्ट अशा वहीत लिहायचीच नाही.

दुसरी, नोंदीतले नाव म्हणजे सहीचा पुरावा नव्हे. गिटमध्ये लेखकाचे नाव आपापल्या संगणकावर आपणच भरायचे असते. दुसऱ्याचे नाव घालणेही अशक्य नाही. पक्की ओळख हवी असेल, तर नोंदीवर अंकीय स्वाक्षरी करण्याची सोय आहे. मजकुराच्या बाबतीत मात्र गिट फार काटेकोर. प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीवरून हिशेब करून एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. मागचे एक अक्षर जरी कोणी गुपचूप बदलले, तरी त्यापुढचे सगळे क्रमांक बदलतात आणि इतरांच्या प्रतींशी जुळेनासे होतात.

तिसरी गोष्ट सोयीची. मजकुरातला फरक ही व्यवस्था ओळीओळीने पाहते. सगळा परिच्छेद एकाच लांब ओळीत लिहिला, तर एक वेलांटी सुधारली तरी सगळी ओळ बदलली असे दिसू शकते. म्हणून जाणकार प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहितात. पान दिसताना ते परिच्छेदासारखेच दिसते. छायाचित्रे आणि चित्रफितीही यात फार भरू नयेत. त्यांची प्रत्येक प्रत जपली जाते आणि वही फुगत जाते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इतिहास जपला म्हणजे सत्य सापडले, असे नाही. कोणी काय म्हटले आणि केव्हा, एवढेच रोजकीर्द सांगते. ते खरे की खोटे, हे पारखायला अखेर आत्या, भाचा आणि पुतणीच लागतात. रोजकीर्द एवढीच खात्री देते, की पारखण्याचे साहित्य कोणी परस्पर नाहीसे करणार नाही.

वही कागदाची असली तरी

घरात संगणक जाणणारे कोणी असेल, तर अशी विकी खासगी ठेवून सुरू करता येते. ती जगाला दाखवलीच पाहिजे असे नाही. कोणी नसेल, तर कागदाच्या वहीतही यातली अर्धी शिस्त आणता येते. कुलवृत्तांत असो, लोणच्याचे प्रमाण असो की सोसायटीच्या सभेचे टिपण असो. चुकलेला मजकूर गिरवून काळा करू नये, त्यावर एकच रेघ ओढावी, म्हणजे खालचे वाचता येते. शेजारी नवे लिहावे. तारीख घालावी, नाव घालावे आणि दोन शब्दांत कारण लिहावे. “मीठ कमी केले; बाबांचा रक्तदाब.” पुढच्या पिढीला त्या दोन शब्दांतून घरातले एक अख्खे वर्ष दिसेल.

रामानुजन २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी गेले. त्यांच्या मूळ वह्या मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत जे आहे त्यावर आजही काम चालते. पाटीवर जे होते, ते कोणालाच परत मिळणार नाही. ती पुसावी लागली, कारण त्या घराला कागद परवडत नव्हता. आज मजकूर साठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. तरीही आपण पुसतच राहिलो, तर दोष परिस्थितीला देता येणार नाही.